घरचे फोटो, जुन्या कॅसेटी आणि गाणी: पोर्टेबल हार्ड डिस्क निवडायची कशी

दुकानात जाऊन "एक टीबीची चांगली हार्ड डिस्क द्या" म्हटलं की दुकानदार समोर असेल ती काढून देतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही कारण ती कशासाठी पाहिजे हे आपण सांगितलेलंच नसतं. सिनेमे ठेवायला घेतलेली डिस्क बंद पडली तर थोडी हळहळ वाटते, पण सिनेमे परत मिळतात. आजोबांच्या भजनाची ९० मिनिटांची कॅसेट मात्र कुणीतरी ९० मिनिटं शेजारी बसून कॉम्प्युटरवर घेतलेली असते, ती पट्टी दुसऱ्यांदा नीट वाजेलच याची खात्री नसते, आणि बारशाचे फोटो तर परत काढताच येत नाहीत. म्हणून असल्या गोष्टींसाठी डिस्क घेणार असाल तर माझं मुख्य म्हणणं पहिल्यालाच सांगून टाकतो: एक मोठी घेऊ नका, त्याच पैशात दोन मध्यम घ्या. कंपनी कुठली, एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क) की साधी, केबल कसली हे सगळं त्याच्यानंतर येतं.

आधी घरात किती आहे ते मोजा

बहुतेक लोक अंदाजाने घेतात आणि मग एकतर पाव डिस्कपण भरत नाही किंवा सहा महिन्यात भरते. मोजणं अवघड नाही, एक संध्याकाळ काढा. लॅपटॉपवर फोटोंच्या आणि गाण्यांच्या फोल्डरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, फोनच्या सेटिंगमधे स्टोरेज बघा, घरातल्या सगळ्यांच्या फोनचं बघा, जुने पेन ड्राईव्ह आणि कॅमेऱ्याची कार्डं कपाटातून काढा. सगळ्याची बेरीज करा.

जे अजून कॉम्प्युटरवर आलेलंच नाही त्याचा अंदाज असा. १२८ केबीपीएसचं (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि फाईल मोठी) एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी खातं, ३२० केबीपीएसचं २.४ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीच्या आसपास. सीडीवरून जसंच्या तसं वेव्ह फाईलमधे घेतलं तर मिनिटाला १० एमबीच्या वर जातं, तेच फ्लॅक या दाबून लहान केलेल्या प्रकारात ठेवलं तर एक कणही आवाज कमी न होता बऱ्याचदा अर्ध्या ते दोन तृतीयांश जागेत बसतं. जुन्या कॅसेटी डिजिटल करताना बरेच जण २४ बिट ४८ किलोहर्ट्झवर घेतात, तर ९० मिनिटांच्या एका कॅसेटला दीड जीबी धरा. घरात अशा २०० कॅसेटी असल्या तरी ३०० जीबी झाले, त्यामुळे गाण्यांना जागा पुरत नाही असं सहसा होत नाही.

फोटोंचंही तसंच आहे. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो, २०,००० फोटो म्हणजे ८० जीबीच्या आसपास. डीएसएलआर वापरत असाल आणि रॉ मधे (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) काढत असाल तर २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोला २५-३० एमबी, मग एका लग्नाचे २,००० फोटो ५०-६० जीबी घेऊन जातात. पण खरी जागा खातो तो व्हिडिओ. फोर-के व्हिडिओ फोनप्रमाणे मिनिटाला १७० पासून ३५० एमबीपर्यंत जातो, म्हणजे तासाभराच्या स्नेहसंमेलनाला १० ते २० जीबी. त्यामुळे "फक्त फोटो आणि गाणीच ठेवायचीत" म्हणणाऱ्यांनी आपल्या फोनमधे व्हिडिओ किती आहेत ते आधी बघावं.

आलेल्या बेरजेची दुप्पट करा आणि त्याच्या वरचा आकार घ्या. बेरीज ४०० जीबी आली तर १ टीबी, ८०० आली तर २ टीबी. ज्यांच्याकडे फोनचेच फोटो, थोडे व्हिडिओ आणि गाणी आहेत अशा बहुतेक घरांना २ टीबी बरीच वर्षं पुरते. आणि १ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, २ टीबीची १.८१ टीबी दाखवतं, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढंच.

एक सांगायचं राहिलं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे. पाठवताना तो लहान केला जातो आणि फोटो कधी काढला ती आतली तारीखही जाते. लग्नाचे फोटो मावशीकडे असतील तर तिला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर पेन ड्राईव्ह घेऊन तिच्याकडे जाऊन या, ते सगळ्यात चांगलं. गूगल फोटोजमधून आणायचे असतील तर गूगल टेकआऊट वापरा, तिथे झिप फाईली करून मिळतात. १ जून २०२१ पासून तिथली फुकट अमर्याद साठवण बंद झाली आणि फुकटचे १५ जीबी आता जीमेल, ड्राईव्ह आणि फोटो सगळ्यांना मिळून आहेत, बरेच लोक मुळात हार्ड डिस्ककडे वळलेत ते त्यामुळेच.

साधी हार्ड डिस्क की एसएसडी

साध्या हार्ड डिस्कमधे चकती फिरते, पोर्टेबलमधे बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, आणि तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) तरंगत असतं. म्हणून चालू असताना पडली, किंवा नुसता टेबलाला जोरात धक्का बसला, तरी हेड चकतीला घासू शकतं. एसएसडीमधे फिरणारं काही नसतं, सगळं चिपमधे. ती पडली तर बहुतेक वेळा काही होत नाही, वेग कितीतरी जास्त, आकार काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. पण एका टीबीला पैसे बरेच जास्त पडतात.

एवढ्यावरून सगळे म्हणतात एसएसडीच घ्या. माझं मत तसं नाही. कपाटात ठेवायची असेल, वर्षातून दोन-चारदा काढून त्यात फोटो टाकायचे असतील, तर साधी हार्ड डिस्क घ्या. एसएसडी विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहिली तर चिपमधला चार्ज हळूहळू कमी होतो आणि डेटा खराब होऊ शकतो, गरम जागी ठेवली तर अजून लवकर. साध्या डिस्कमधे नोंद चुंबकीय असते, ती पडून राहिल्याने इतक्या लवकर जात नाही. शिवाय साधी डिस्क बिघडायला लागली की बऱ्याचदा आधी आवाज, मंदपणा अशी काहीतरी खूण देते, एसएसडी मात्र कालपर्यंत चालू होती आणि आज कॉम्प्युटरला दिसतच नाही असं करू शकते.

पिशवीत घालून रोज फिरवायची असेल, फोनला जोडायची असेल, शूटिंगला न्यायची असेल तर एसएसडी. लेह-लडाखला जाणाऱ्यांसाठी तर नक्कीच, कारण साध्या डिस्कचं हेड हवेच्या थरावर तरंगतं आणि विरळ हवेत तो थर नीट तयार होत नाही. बहुतेक पोर्टेबल डिस्क चालवायची मर्यादा कंपन्यांनीच ३,००० मीटरच्या आसपास दिलेली असते. लेह शहरच साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५,३०० च्या वर. बुलेटवर जाणाऱ्या आपल्या पोरांनी रोज रात्री हॉटेलात बसून साध्या डिस्कवर कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करणं म्हणजे त्या ट्रिपच्या फोटोंशीच खेळ आहे.

पैसे असतील तर एक साधी कपाटासाठी आणि एक एसएसडी फिरण्यासाठी ही जोडी उत्तम. नसतील तर दोन साध्या.

साडेतीन इंची मोठी डेस्कटॉप डिस्कपण मिळते, ८ टीबी आणि पुढे, पण तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. खूप व्हिडिओ असणाऱ्यांनीच तिच्याकडे बघावं.

कंपनी आणि मॉडेल

यावर लोक तासनतास वाद घालतात, पण साध्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या जगात आता तीनच कंपन्या उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकी कुठलंही नाव खोक्यावर असलं तरी आतली डिस्क या तिघांपैकीच एकीची असते. तिन्ही चांगल्या आहेत आणि तिन्हींच्या डिस्क बंद पडतात. कुणीतरी "आमची अमुक कंपनीची दहा वर्षं चालली" म्हणतो तर दुसऱ्याची तीच वर्षात गेलेली असते, एका डिस्कवरून कंपनी ठरत नाही. दोन घ्यायच्याच आहेत तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, किंवा निदान काही महिन्यांच्या अंतराने घ्या, म्हणजे एकाच लॉटमधला दोष दोन्हीत येणार नाही.

नेटवर शोधायला लागलात की एसएमआर आणि सीएमआर हे शब्द भेटतील, चकतीवर डेटा लिहायच्या या दोन पद्धती. सीएमआरमधे नोंदीचे पट्टे शेजारी शेजारी असतात. एसएमआरमधे नोंदीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात त्यामुळे जास्त डेटा बसतो, पण सतत पुसून परत लिहायला लागलं की डिस्क मंदावते. पोर्टेबल डिस्क बऱ्याचशा अशाच असतात आणि फोटो-गाण्यांना त्याने काही बिघडत नाही, एकदा टाकायचं आणि मग वाचायचं एवढंच तर करायचंय. पहिल्यांदा ५०० जीबी एकदम टाकताना मधेच वेग पडला तर घाबरू नका.

त्यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे जी खोक्यावर लिहिलेली नसते. काही पोर्टेबल डिस्कमधे आत नेहमीची साटा डिस्क (लॅपटॉपच्या आत बसते तशी) असते आणि तिला एक छोटं यूएसबीचं कार्ड जोडलेलं असतं, काहींमधे यूएसबीचा पोर्ट थेट डिस्कच्या सर्किटवरच बसवलेला असतो. पहिल्या प्रकारात पोर्ट तुटला तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या केसमधे घालता येते, दुसऱ्या प्रकारात साधा पोर्ट तुटला तरी डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायला लागतं, आणि डिस्क स्वतःच डेटा एनक्रिप्ट (कुलूपबंद) करणारी असेल तर काम अजून अवघड होतं. विकत घेण्याआधी मॉडेलचं नाव टाकून तिला खोललेला एखादा व्हिडिओ बघा, दोन मिनिटात कळतं.

मजबूत म्हणून रबराचं कव्हर असलेल्या मिळतात, लहान मुलं असलेल्या घरात त्या बऱ्या. पासवर्ड आणि ऑटो बॅकअपची सॉफ्टवेअरं सोबत येतात त्यावर काही ठरवू नका, ती न वापरताच काम चांगलं होतं.

केबल, पोर्ट, वेग

खोक्यावर यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ असं वेगवेगळं लिहिलेलं असतं ते सगळं एकच आहे, ५ जीबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट. साधी पोर्टेबल डिस्क खरी सेकंदाला १००-१४० एमबीच देते त्यामुळे तिला हे भरपूर झालं. डिस्क चुकून यूएसबी २.० च्या पोर्टला लावली तर मात्र ३०-४० एमबीवर येते, म्हणजे जे ५०० जीबी सव्वा तासात जायचे त्याला चार तास लागतात. निळ्या रंगाचा पोर्ट बहुधा ३.० चा असतो.

एसएसडी घेतलीत तर केबल सांभाळा, कारण फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाईप-सी केबली फक्त यूएसबी २.० च्या वेगाच्या असतात, दिसायला अगदी सारख्या. सेकंदाला १००० एमबीची एसएसडी घेऊन चार्जरच्या केबलने जोडायची आणि मग "स्लो आहे" म्हणायचं असं होतं. खोक्यातली केबल डिस्कलाच बांधून ठेवा.

साध्या डिस्कला चकती फिरवायला वीज लागते. लॅपटॉपवर अडचण नाही, पण फोनला ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडायची केबल) जोडली तर बऱ्याचदा नुसती टिकटिक करते आणि चालू होत नाही, टीव्हीच्या आणि गाडीच्या यूएसबीलाही तसंच. लांब एक्स्टेन्शन केबल लावू नका, जुन्या सीपीयूच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचा वापरा. फोनवरून थेट कॉपी करायचं असेल तर एसएसडी घ्या. आयफोनला २०२३ च्या १५ सीरिजपासून टाईप-सी पोर्ट आहे, फाईल्स अ‍ॅपमधे डिस्क दिसते.

घ्यायची कुठे

ऑनलाईन घेताना विकणारा कोण आहे ते बघा, कंपनीचा अधिकृत विक्रेता असेल तरच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या शहरातल्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे भाव ऑनलाईनच्या आसपासच मिळतो, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. घरी येऊन तो नंबर कंपनीच्या वेबसाईटवर टाकला की वॉरंटी कधीपर्यंत आहे ते दिसतं. अमेरिकेहून कुणी नातेवाईक येतोय म्हणून मागवायची बऱ्याच घरात पद्धत आहे, पण वॉरंटी बहुतेक वेळा ज्या भागात विकली त्या भागापुरती असते हे विचारात घ्या.

आणि वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. डिस्क गेली तर दुसरी देतात, ती बऱ्याचदा दुरुस्त केलेली असते, आणि जुनी त्यांच्याकडे जमा करायला लागते, फोटोंसकट. फोटो परत काढून द्यायचं काम वेगळं, त्याचे पैसे डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतात.

"१६ टीबी एसएसडी" हजार-दीड हजारात दिसली तर हातसुद्धा लावू नका. आत एखादं छोटं मेमरी कार्ड असतं आणि चिप खोटा आकार सांगते. त्यात टाकलेल्या फाईली यादीत दिसतात पण उघडत नाहीत, कारण जागा संपल्यावर नवीन डेटा कुठेच लिहिला जात नाही किंवा जुन्यावर जातो. लोकांना हे सहा महिन्यांनी कळतं, तोपर्यंत फोनमधले फोटो पुसून झालेले असतात.

आणल्या आणल्या तपासा

फोटो टाकायची घाई करू नका. डिस्क लावा, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाका आणि उघडा. पॉवर ऑन अवर्स (डिस्क किती तास चालली) नव्या डिस्कचे जवळजवळ शून्य असायला पाहिजेत, शेकड्यात असतील तर ती वापरलेली आहे, परत करा. खाली रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर अशा खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी असतात, तिथला कच्चा आकडा शून्य पाहिजे.

मग एच२टेस्टडब्ल्यू चालवा, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. हे सॉफ्टवेअर पूर्ण डिस्क भरून लिहितं आणि परत वाचून जुळवतं. २ टीबीच्या डिस्कला यात अर्धा दिवस सहज जातो, रात्री लावून झोपा. खोटा आकार असेल तरी कळतं आणि एखादी जागा मुळातच खराब असेल तरी कळतं, आणि हे परत करायच्या मुदतीत कळणं महत्त्वाचं. झाल्यावर त्या चाचणीच्या फाईली पुसून टाका.

फॉरमॅट कुठला ठेवायचा

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत. घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, विषय संपला. मॅक एनटीएफएस वाचतो पण वेगळं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहीत नाही, त्यामुळे घरात मुलीचा मॅक आणि बाबांचा विंडोज लॅपटॉप असेल तर एक्सफॅट करा. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, नव्या लिनक्सवर चालतं, बऱ्याच अँड्रॉईड फोनवर चालतं. पण त्याला जर्नलिंग (बदल करण्याआधी त्याची नोंद ठेवणं) नाही, म्हणजे कॉपी चालू असताना केबल निघाली किंवा लाईट गेली तर फाईलींची यादीच बिघडायची शक्यता जास्त. म्हणून इजेक्ट केल्याशिवाय काढायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सगळीकडे मॅकच असेल तर एसएसडीला एपीएफएस आणि साध्या डिस्कला मॅक ओएस एक्स्टेंडेड, कारण फिरत्या चकतीवर एपीएफएस मंद चालतं.

एफएटी३२ फक्त गाडीच्या आणि जुन्या म्युझिक सिस्टीमच्या पेन ड्राईव्हसाठी, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. टीव्हीला डिस्क लावून फोटो दाखवायचे असतील तर टीव्हीच्या माहितीत कुठला फॉरमॅट चालतो ते आधी बघा. फॉरमॅट बदलला की सगळं पुसलं जातं, त्यामुळे हे डिस्क रिकामी असतानाच ठरवा.

फाईली लावायच्या कशा

फोटोंना फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष मग महिना मग दिवस: २०१९-०५-१२ आणि पुढे "ताईचं लग्न सांगली". तारखेचे आकडे इंग्रजी ठेवा, पुढचं नाव खुशाल मराठीत. असं केलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप क्रमाने लागतं आणि कुठलंही खास अ‍ॅप लागत नाही. फार लांब नावं टाळा. लिनक्सवर आणि घरच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) फाईलच्या नावाला बहुधा २५५ बाईट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून, ३ बाईट खातं, म्हणजे ८५ चिन्हांतच नाव संपतं.

गाण्यांचे दोन भाग करा. मूळ म्हणजे कॅसेटवरून, सीडीवरून घेतलेलं वेव्ह किंवा फ्लॅक एका फोल्डरमधे, त्याला हात लावायचा नाही. ऐकायला म्हणून एमपीथ्री वेगळ्या फोल्डरमधे, ती कधीही परत बनवता येतात. खरखर काढलेली, आवाज वाढवलेली फाईल मूळच्या जागी सेव्ह करू नका, उद्या यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर येईल तेव्हा मूळच लागेल. एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने गायकाचं, रागाचं नाव फाईलच्या आतच टाकता येतं. मात्र बऱ्याच गाड्यांच्या स्टिरिओवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून गाडीच्या पेन ड्राईव्हपुरती नावं रोमन लिपीत करा.

घरच्या रेकॉर्डिंगबरोबर एक साधी टेक्स्ट फाईल ठेवाच: कोण गातंय, पेटीवर कोण, कुठल्या गावचा कार्यक्रम, अंदाजे कुठलं साल. कॅसेटच्या कागदावर जे लिहिलंय त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमधे टाका. ही माहिती घरातल्या मोठ्या माणसांना विचारून आताच लिहायला पाहिजे, मला या सगळ्या लेखात हे काम सगळ्यात निकडीचं वाटतं, डिस्क काय उद्याही मिळेल.

कॉपी करताना कट-पेस्ट कधीच नाही, कॉपीच. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरची फाईलींची संख्या आणि बाईटमधला आकार जुळवा, किंवा टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमधे व्हेरिफाय लावा, ते प्रत्येक फाईल परत वाचून बघतं. मग इकडून तिकडून दहा-वीस फोटो आणि गाणी उघडून बघा. त्यानंतरच फोन रिकामा करा, आणि तोही दुसऱ्या डिस्कवर प्रत गेल्यावर.

दुसरी डिस्क

फोटोग्राफर लोकांमधे ३-२-१ असा नियम आहे, पीटर क्रॉग या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकांपर्यंत नेला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. घरगुती हिशोबात बसवायचं तर लॅपटॉपवर एक, पहिल्या डिस्कवर एक, आणि दुसरी डिस्क भावाकडे, गावच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमधे. २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०१९ ला सांगली-कोल्हापुरात किती घरांच्या तळमजल्यावर पाणी शिरलं ते आठवा, दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर दुसरीचा काय उपयोग? दिवाळीला आणि मे महिन्यात गावी जाताना पहिली सोबत न्यायची, दुसरी तिच्याशी जुळवायची, असं ठरवून टाका.

जुळवायला फ्रीफाईलसिंक चांगलं आहे आणि ते फुकट मिळतं. पण त्यात मिरर नको, अपडेट निवडा. मिररमधे पहिलीवरून चुकून पुसलेला फोल्डर दुसरीवरूनही पुसला जातो. आणि दोन्ही डिस्क कायम लॅपटॉपला लावून ठेवू नका, रॅन्समवेअर (पैसे उकळणारा व्हायरस) आला तर जोडलेलं सगळं कुलूपबंद करतो.

लॅपटॉपवर जागा नसेल तर निवडक, अगदी मोलाचे फोटो तरी क्लाऊडवर ठेवा. तेवढ्याला फुकटचे जीबी पुरतात, फक्त ते खातं वापरात ठेवा, कारण गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं.

डिस्कला पासवर्ड लावायचा की नाही? घरच्या फोटोंना मी लावू नका म्हणेन. पासवर्ड माहीत असलेलं माणूसच गेलं तर सगळा डेटा तिथेच संपतो. लावायचाच असेल तर तो कागदावर लिहून बँकेच्या कागदपत्रांत ठेवा.

सांभाळणं

आपल्याकडे दोन शत्रू आहेत, कोकणात आणि गोव्यात दमट हवा, विदर्भात ऊन. डिस्क चालवायची मर्यादा साधारण ५ ते ३५ अंश असते, मे महिन्यात नागपूर-अकोल्याला बंद गाडीत ठेवू नका आणि दुपारी पंख्याशिवाय तासनतास कॉपी लावू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या दरवर्षी बदला. एसी खोलीतून दमट हवेत आणली तर लगेच चालू न करता तासभर तशीच राहू द्या, आत ओल धरलेली असू शकते. डिस्कवर बारीक भोक असेल आणि तिथे न झाकण्याची सूचना असेल तर त्यावर स्टिकर लावू नका, आतला हवेचा दाब त्यातून सांभाळला जातो. विजा चमकत असतील तर डिस्क काढून ठेवा.

दर सहा महिन्यांनी चालू करा, क्रिस्टलडिस्कइन्फो बघा. त्या तीन ओळींपैकी कुठलाही आकडा वाढायला लागला की नवीन डिस्क आणायची वेळ झाली, डिस्क चालतेय म्हणून थांबू नका. काहीच दिसलं नाही तरी पाच वर्षांनी नवी आणून सगळं तिच्यावर घ्या, जुनी तिसरी प्रत म्हणून राहू द्या.

टक् टक् आवाज यायला लागला तर ताबडतोब काढा. परत परत लावून बघू नका, दरवेळी हेड चकती अजून खरवडतं. फ्रीजमधे ठेवायचे वगैरे उपाय करू नका, घरी उघडूही नका, धुळीचा एक कण पुरतो. दुसरी प्रत असेल तर प्रश्नच नाही, आणि नसेल आणि आतलं खरंच मोलाचं असेल तर थेट क्लीन रूम (धूळ नसलेली खास खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे न्या, गल्लीतल्या मोबाईल रिपेअरवाल्याकडे नको.

जुनी डिस्क कुणाला देताना किंवा ई-कचऱ्यात टाकताना आधी विंडोजमधे क्विक फॉरमॅटची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. एसएसडीला कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधलं सिक्युअर इरेज वापरा. डिस्क चालूच होत नसेल तर जाड फडक्यात गुंडाळून आतली चकती फोडून टाका, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण अडीच इंची डिस्कमधली चकती बहुधा काचेची असते आणि तिचे तुकडे उडतात.